सामन्याला जमलेली गर्दी ही कुणाची सभा नाही

उत्तर स्टँड

परवा इथेच लेफ्टबॅक यांनी लिहिलं होतं की फुटबॉल आणि राजकारण कधीच वेगळं नव्हतं, तेव्हा निवडणुकीच्या दिवसांत उमेदवारांनी सामन्याला येऊन पत्रकं वाटली, मध्यंतरात माइक हातात घेतला तर नाकं मुरडायचं कारण नाही. "जिथे माणसं जमतात तिथेच मतं मागायची असतात" हे त्यांचं वाक्य. खाली भराभर सहमत, सहमत. तेव्हा गप्प बसलो, पण ते वाक्य डोक्यातून जात नाही म्हणून वेगळा धागा काढतोय.

ती माणसं तुमच्यासाठी जमलेली नसतात हो. सभेला जाणारा स्वतःच्या मर्जीनं जातो, कंटाळला की उठतो. सामन्याला आलेल्यानं तिकीट काढलेलं असतं, अर्धा खेळ झालेला असतो, अर्धा उरलेला असतो. तो उठून जाणार कुठे? त्याला जागेवर अडकवून त्याच्या कानात ओरडायचं आणि त्याला लोकशाही म्हणायचं, हे मला पटत नाही.

दुसरं कारण माझ्यासाठी जास्त मोठं आहे. स्टँडमध्ये माझ्या शेजारी जो बसतो त्याचं आणि माझं राजकारणात एका वाक्यावर पटत नाही. दोघांनाही ते पक्कं ठाऊक आहे. तरी गोल झाला की आम्ही एकमेकांच्या गळ्यात पडतो. घरात हे होत नाही, ऑफिसात होत नाही, नातेवाइकांच्या ग्रुपवर तर नाहीच नाही. ही एवढीच जागा उरलीय आणि तीही तुम्हाला हवी आहे.

इटलीचे उद्योगपती बर्लुस्कोनी यांचं उदाहरण बघा. १९८६ साली एसी मिलान हा क्लब विकत घेतला. पुढे पक्ष काढला तर त्याचं नावच राष्ट्रीय संघाला प्रोत्साहन द्यायची घोषणा, 'फोर्झा इटालिया'. १९९४च्या मार्चमध्ये निवडणूक जिंकली, मेमध्ये पंतप्रधान झाले, आणि त्याच मेमध्ये मिलाननं अथेन्सला बार्सिलोनाचा ४-० असा फडशा पाडला. जन्मभर मिलानवर जीव टाकणारा, पण बर्लुस्कोनींना मत न देणारा जो माणूस असेल त्यानं त्या रात्री काय करायचं होतं? आनंद करावा तर मालकाच्या पक्षाची मिरवणूक, न करावा तर स्वतःच्या संघाशी बेइमानी. ब्राझीलमध्ये तर राष्ट्रीय संघाची पिवळी जर्सी माजी राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांच्या समर्थकांचा गणवेश होऊन बसली. पेलेच्या देशात लोक ती कपाटात ठेवू लागले, कारण घातली की गैरसमज होतो.

आणि स्वतः पाहिलेलं सांगतो. शाळकरी मुलांच्या स्पर्धेचा अंतिम सामना होता. एका उमेदवारानं जर्सी दिल्या होत्या, छातीवर त्याचा फोटो. एका पोराचे वडील विरोधी पक्षाचं काम करायचे. पोरानं प्रशिक्षकाला विचारलं, मी जर्सी उलटी घालून खेळू का? त्याला बसवलं. पूर्ण अंतिम सामना त्यानं बाकावरून बघितला. मध्यंतरात उमेदवाराचं भाषण चाललं होतं, घामेजलेली मुलं रांगेत उभी, आणि हा एकटा बाकावर, रडू आवरत. लेफ्टबॅक, मतं जिथे माणसं तिथे मागायची ना? मग या पोराचं काय करायचं ते सांगा.

लेफ्टबॅक

नाव घेऊन धागा काढलात, मग पूर्ण उत्तर ऐका.

१९८२ साल. ब्राझीलमध्ये लष्करी राजवट. कित्येक वर्षांनी राज्यपालांची थेट निवडणूक होणार होती, १५ नोव्हेंबरला. कोरिंथियन्स क्लबचे खेळाडू पाठीवर मोठ्या अक्षरांत '१५ तारखेला मतदान करा' असं लिहून मैदानात उतरले. सोक्रातेस त्यांचा म्होरक्या. त्या क्लबात सगळे निर्णय मतदानानं व्हायचे आणि मालिश करणाऱ्यालाही संचालकाइतकंच एक मत होतं. तुमच्या नियमानं या लोकांनी काय करायला हवं होतं? प्रेक्षक तिकीट काढून आलेत, त्यांना त्रास नको म्हणून कोऱ्या पाठीनं खेळायचं?

आयव्हरी कोस्टमध्ये २००२पासून यादवी. ऑक्टोबर २००५मध्ये सुदानला हरवून संघ पहिल्यांदाच विश्वचषकाला पात्र ठरला, तेव्हा त्यांचा स्टार खेळाडू द्रोग्बानं कॅमेऱ्यासमोर सहकाऱ्यांसकट गुडघे टेकले आणि शस्त्रं खाली ठेवा, निवडणुका घ्या अशी विनवणी केली. २००७ साली बंडखोरांच्या बुआके शहरात मादागास्करविरुद्ध राष्ट्रीय संघाचा सामना झाला, ५-० जिंकले. हे सगळं राजकारणच होतं, आणि ते फुटबॉलनंच केलं.

'मैदानात राजकारण नको' हे वाक्य नेहमी खुर्चीवर बसलेल्याच्या सोयीचं असतं. १९७८चा विश्वचषक अर्जेंटिनात झाला. त्या स्पर्धेत कुणी पत्रकं वाटली नाहीत, कुणी मध्यंतरात मतं मागितली नाहीत. आणि मॉन्युमेंटल स्टेडियमपासून हाकेच्या अंतरावर नौदलाच्या शाळेत माणसांचा छळ चालू होता. अंतिम सामन्याचा जल्लोष आम्हाला आत ऐकू येत होता असं तिथून जिवंत सुटलेल्यांनी सांगितलंय. चषक द्यायला कोण उभं होतं? लष्करी हुकूमशहा व्हिडेला. तुमच्या व्याख्येत तो सामना अगदी स्वच्छ, कारण प्रचार झाला नाही! पंचवीस दिवस दुसरं काय चाललं होतं तिथे?

शिट्टीवाली

मी रेफरी आहे, म्हणून नियमाचं सांगते. चौथ्या नियमात खेळाडूच्या अंगावर राजकीय, धार्मिक किंवा वैयक्तिक घोषणा, मजकूर, चित्र नको असं स्पष्ट आहे. आतल्या बनियनवरसुद्धा नको. गोल केल्यावर शर्ट काढला की पिवळं कार्ड मी दाखवते, ते शर्ट काढल्याचं. आत काय लिहिलं होतं ते अहवालात जातं, पुढची शिक्षा संघटना ठरवते.

लेफ्टबॅक, सोक्रातेसची टीम आज असती तर कारवाई झालीच असती. लिव्हरपूलच्या रॉबी फाउलरनं १९९७ साली त्या शहरातल्या, कामावरून काढलेल्या गोदी कामगारांसाठी टीशर्ट दाखवला तर यूएफानं, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेनं, २,००० स्विस फ्रँक दंड केला होता. कुठल्या पक्षाचं नाव नव्हतं, निवडणूक नव्हती, फक्त कामगार.

पण उत्तर स्टँड, नियम सगळ्यांना सारखा लागतो असं समजू नका. २०१६ साली ब्रिटनच्या चारही संघटनांना युद्धात गेलेल्यांच्या स्मरणार्थ पॉपीचं फूल लावलं म्हणून फिफानं दंड केला. पुढच्या वर्षी नियमच सैल झाला, दोन्ही संघ आणि आयोजक तयार असतील तर चालेल. मागे मोठं सरकार उभं राहिलं की नियम वाकतो, गोदी कामगारांसाठी नाही वाकत. मला उमेदवार मैदानात नकोच आहे. माझ्या सामन्यात एकदा एक जण नाणेफेकीला येऊन उभा राहिला, दोन्ही कर्णधारांच्या मधोमध, फोटोसाठी. मी नाणं खिशात ठेवलं आणि तो बाहेर जाईपर्यंत काढलं नाही. नंतर आयोजकांनी मला पुढचे सामने दिले नाहीत. नियमाच्या पुस्तकात माझ्या बाजूनं सगळं होतं, मैदानात कुणीच नव्हतं.

कट्ट्यावरची

पत्रकाला घाबरताय तुम्ही सगळे. पत्रक माणूस चुरगळून टाकतो. खेळाडूच्या छातीवर सट्टेबाजीच्या कंपनीचं नाव नव्वद मिनिटं नाचतं, त्याबद्दल एकालाही शब्द काढावासा वाटला नाही. कडेच्या फलकांवर तेच, मध्यंतरातल्या जाहिरातीत तेच, समालोचक सट्ट्याचा भाव सांगतो. उत्तर स्टँड म्हणतात, माणसाला जागेवर अडकवून कानात ओरडायचं. हो ना! मग हे काय आहे?

माझा धाकटा भाऊ आधी सामना बघायचा, नंतर कॉर्नर किती होणार ते बघायला लागला. आता त्याला कुठला संघ जिंकतोय याच्याशी देणंघेणं नाही, थ्रो-इन कुणाला मिळतो यावर पैसे लावलेले असतात. आईचे दागिने गेले. त्याच्या लाडक्या संघाच्या जर्सीवर जे नाव होतं त्याच अॅपवर गेले.

बदली खेळाडू

ताई, विषय राजकीय प्रचाराचा आहे. सट्ट्याचा वेगळा धागा काढा.

आणि काढलाच आहात तर ऐकून घ्या. मी एका छोट्या क्लबच्या कामात असतो. तिकिटांतून दिवे आणि गवत एवढंच भागतं. प्रायोजक कोण येतं? बँक येत नाही, गाडीवाले येत नाहीत, ते वरच्या लीगला जातात. आमच्या दारात उभा राहतो तो एक तर सट्टेवाला, नाही तर निवडणुकीला उभा राहणारा. दोघांनाही नको म्हटलं की मुलींचा संघ बंद, फिजिओ बंद. शुद्धतेच्या गप्पा वरच्या स्टँडमध्ये बसून मारायला सोप्या आहेत.

कट्ट्यावरची

तुमच्या फिजिओचा पगार माझ्या आईच्या दागिन्यांतून निघत असेल तर बंद करा तो क्लब.

बदली खेळाडू

बंद करा म्हणणं किती सोपं आहे! तुमच्या भावाचं वाईट वाटतं, मनापासून. पण त्याच्या हातातला फोन आमच्या क्लबनं दिला नाही. आमच्या मैदानावर येणारी मुलं निदान दोन तास फोनपासून लांब असतात. क्लब गेला तर ती कुठे जातील, तेही सांगा.

जुना पासर

बदली खेळाडू, हात वर करायचं हे तंत्र जुनं आहे. फोन क्लबनं दिला नाही, पण फोनमधल्या अॅपवर विश्वास ठेवायला क्लबनं शिकवलं. चौदा वर्षांचं पोर जर्सीवरचं नाव आपलं समजतं. इटलीनं २०१८ साली सट्ट्याच्या जाहिरातींवर कायद्यानं बंदी आणली. स्पेननं जर्सीवरून ती नावं काढायला लावली. तिथले क्लब मेले का? कुरकुरले, दुसरे प्रायोजक शोधले, खेळतायत.

बदली खेळाडू

इटली-स्पेनच्या वरच्या क्लबांचं मला काय सांगता? त्यांच्यासाठी रांगा लागतात. खालच्या विभागातल्या क्लबांची दिवाळखोरी तुम्ही कधी बातमीत वाचली आहे का? नाही वाचणार, कारण ती छापून येत नाही.

उत्तर स्टँड

मंडळी, धागा भरकटतोय. सट्ट्याच्या जाहिराती मलाही नकोत, पण मूळ मुद्दा बाजूला पडू नये.

लेफ्टबॅक, तुमची तिन्ही उदाहरणं माझ्याच बाजूची आहेत. सोक्रातेसनं मत *द्या* म्हटलं, कुणाला द्या ते नाही. द्रोग्बानं कुठल्या पक्षाचं नाव घेतलं नाही, आणि तेही मैदानात नाही, ड्रेसिंग रूममध्ये. व्हिडेला तर मी म्हणतो तोच रोग आहे, सत्ताधाऱ्यानं गर्दी चोरली. यातलं एकही उदाहरण तुमच्या माइकवाल्या उमेदवाराला लागू पडत नाही. आणि २०१०ची निवडणूक झाल्यावर आयव्हरी कोस्टमध्ये पुन्हा रक्त सांडलं. गोड गोष्ट अर्ध्यावर थांबवू नका.

लेफ्टबॅक

पुन्हा लढाई झाली म्हणून आधीची विनवणी खोटी ठरते का? कसला हिशेब आहे हा?

आणि सोक्रातेसनं पक्ष सांगितला नाही म्हणून तो तुम्हाला चालतो, हे सोयीचं वाचन झालं. लष्कराच्या राज्यात 'मतदान करा' म्हणजे लष्कराच्या विरोधात, हे स्टँडमधल्या शेवटच्या माणसालाही कळत होतं. १९८४ साली थेट निवडणुकीची घटनादुरुस्ती झाली तर मी इटलीला जाणार नाही, असं त्यानं जाहीर सभेत सांगितलं. दुरुस्ती पडली, तो फिओरेंतिनाला गेला. त्याची बाजू कुणापासून लपलेली नव्हती.

तुम्ही मारे आदर्श स्टँडचं चित्र काढलंत. २०१६ साली स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबच्या स्टँडमध्ये इस्रायलच्या हापोएल बेअर शेवाविरुद्ध पॅलेस्टाइनचे झेंडे फडकले. यूएफानं १०,००० युरो दंड केला. प्रेक्षकांनी दंडाची बरोबरी करू म्हणून वर्गणी काढली आणि एक लाख पौंडांच्या वर पैसे जमवून पॅलेस्टिनी संस्थांना दिले. तुमच्या शेजारच्या माणसाला ते झेंडे खुपले असते. मग काय, खाली उतरवायचे?

उत्तर स्टँड

उतरवायचे नाहीत. प्रेक्षकानं स्वतःच्या हातानं स्वतःचा झेंडा आणला तर तो त्याचा आहे, आणि दंड करणाऱ्या यूएफाची बाजू मी कधीच घेतली नाही. एवढं मी देतो तुम्हाला, वाटल्यास लिहून ठेवा. पण तुमच्या मूळ पोस्टमध्ये प्रेक्षकांचा झेंडा नव्हता, उमेदवाराचा माइक होता. त्या माइकवर तुम्ही अजून एक शब्द बोलला नाहीत. आणि त्या पोरावरही नाही.

जुना पासर

उत्तर स्टँड, झेंडा कोण आणतं हे इतकं सोपं नसतं. १३ मे १९९०, झाग्रेब. युगोस्लाव्हिया फुटायच्या आधीची गोष्ट, क्रोएशियाचा डिनामो विरुद्ध सर्बियाचा रेड स्टार. क्रोएशियात नुकतीच निवडणूक झाली होती. सामना सुरूच झाला नाही, स्टँडमधून लोक मैदानात उतरले, डिनामोच्या बोबाननं पोलिसाला लाथ घातली आणि त्या उन्हाळ्याच्या विश्वचषकाला मुकला. तिथे कुठल्या उमेदवाराच्या हातात माइक होता? सगळे झेंडे प्रेक्षकांनीच आणले होते. स्वतःच्या हातानं.

आणि तटस्थतेचा गजर फिफानं तरी करू नये. कतारच्या विश्वचषकात भेदभावाविरुद्धचा 'वन लव्ह' दंडपट्टा बांधला तर पिवळं कार्ड देऊ अशी धमकी, जर्मनीच्या खेळाडूंना तोंडावर हात ठेवून फोटो काढावा लागला. आणि डिसेंबर २०२५मध्ये विश्वचषकाच्या ड्रॉसाठी जमलेल्या जगासमोर फिफाच्या अध्यक्षांनी ट्रम्पना शांतता पुरस्कार दिला. खेळाडूनं दंडाला पट्टी बांधली की राजकारण, आणि अध्यक्षानं राष्ट्राध्यक्षाला पदक दिलं की सोहळा. संताप येतो मला याचा.

शिट्टीवाली

म्हणून मी म्हणते, जागा वेगळ्या करा. २०२४च्या युरो स्पर्धेत फ्रान्सच्या एम्बापेनं पत्रकार परिषदेत तरुणांना सांगितलं, मतदान करा, मी टोकाच्या विचारांच्या विरोधात आहे. त्याचा सहकारी थुरामनं तर पक्षाचं नाव घेऊन तो जिंकू नये म्हटलं. दोघंही माणसं आहेत, मतदार आहेत, प्रश्न विचारला, उत्तर दिलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्याच स्पर्धेत तुर्कीच्या देमिरालनं गोल केल्यावर मैदानातच अतिराष्ट्रवाद्यांची लांडग्याची खूण केली. दोन सामन्यांची बंदी आली. पुढच्या सामन्याला तुर्कीचे राष्ट्राध्यक्ष एर्दोगान स्वतः बर्लिनमध्ये हजर. एका खुणेनं जर्मनी आणि तुर्कीच्या सरकारांमध्ये जुंपली आणि त्याच्या संघाला उपांत्यपूर्व सामना त्याच्याशिवाय खेळावा लागला. त्याची किंमत बाकीच्या दहा जणांनी का द्यायची?

लेफ्टबॅक

पत्रकार परिषदेतल्या बोलण्यावरूनही फ्रेंच महासंघानं खेळाडूंवर दबाव नको, आमची तटस्थता जपा असं पत्रक काढलंच होतं. म्हणजे तुमची ती वेगळी जागाही कुणाला बघवत नाही.

बरं, त्या मुलाबद्दल. उत्तर मागताय तर देतो. मुलांच्या अंगावर उमेदवाराचा फोटो हे मला मान्य नाही, आणि त्याला बाकावर बसवणाऱ्या प्रशिक्षकाला पुन्हा मुलांजवळ फिरकू देऊ नये. मध्यंतरातला माइकही सोडला मी, घ्या. तुमच्या शेजाऱ्याच्या गळाभेटीसाठी नाही, त्या पोरासाठी. पण स्टेडियमच्या दाराबाहेर, रस्त्यावर पत्रकं वाटायचा हक्क मी सोडणार नाही. रस्ता क्लबचा नाही, तुमचाही नाही.

उत्तर स्टँड

दाराबाहेर वाटा. मी घेणार नाही, पण वाटा.

कट्ट्यावरची

उमेदवाराचा फोटो मुलांच्या छातीवर नको, यावर सगळ्यांचं एकमत झालं. छान. त्याच छातीवर सट्ट्याचं नाव हवं की नको, यावर मात्र 'वेगळा धागा काढा'. त्या उमेदवाराला निदान पाच वर्षांनी पाडता येतं. जुगाराच्या कंपनीला माझा भाऊ कसा पाडणार?

बदली खेळाडू

मुलांच्या जर्सीवर नकोच, आमच्या क्लबमध्ये मुलांच्या संघांना ती नावं लावत नाही, तेवढी लाज आम्हालाही आहे. मोठ्यांच्या संघाचं बोलतोय मी. आणि ते बदलायला वेळ द्या. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या क्लबांनीसुद्धा एप्रिल २०२३मध्ये ठरवलं आणि अंमल २०२५-२६चा हंगाम संपल्यावर. एवढ्या श्रीमंतांनी तीन वर्षं मागून घेतली, तर आम्हाला उद्या सकाळी बंद करा म्हणताय.

कट्ट्यावरची

आणि त्यांनी काय काढायचं ठरवलं तेही पूर्ण लिहा. फक्त छातीवरचं. बाहीवर राहणार, कडेच्या फलकांवर राहणार. माझ्या भावाला बाही दिसत नाही का?

बदली खेळाडू

दिसते. बाहीचं आमच्या बैठकीत मी मांडतो. मंजूर होईल असं वचन देत नाही.